नाकावर चाललेला कारखाना

आमच्या बाई माणसाला आधी हुंगायच्या आणि मग ‘या’ म्हणायच्या. चेष्टा करत नाही. फाटकात कुणी आलं की त्यांची मान जराशी वर व्हायची, नाकपुड्या हलायच्या आणि मग त्यांचं ठरायचं, ह्याला खुर्ची द्यायची की उभ्याउभ्या वाटेला लावायचं. एक दलाल इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून आला होता. त्याला पाच मिनिटांत घालवला. मी म्हटलं, बाई, माणूस तर बरा दिसत होता. म्हणाल्या, “अत्तराखाली जुना माल आहे.” माणसाबद्दल बोलल्या की त्यानं आणलेल्या नमुन्याबद्दल, ते मी विचारलं नाही. दोन्हीबद्दल असणार.

कलकत्त्यात तिलजल्याला बाईंची शेड होती. त्यात आम्ही टर्की रेड ऑइल बनवत होतो. बाईंचा जन्म इथलाच, भवानीपूरचा. वडील रेल्वेच्या नोकरीत, गार्डन रीचच्या ऑफिसात. बाई रसायनशास्त्र शिकल्या, काही वर्षं नोकरी केली, मग साहेबाशी पटेना म्हणून स्वतःची शेड टाकली. लग्न केलं नाही. का नाही केलं हे विचारण्याची हिंमत आमच्यात कुणाची नव्हती. आता त्या पुण्याला असतात. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हे छापून आलं की भाची त्यांना वाचून दाखवील आणि बाई त्यात दोन तरी चुका काढतील. काढू देत. शेड सगळी त्यांच्या नाकावर चालत होती, आणि करोनात ते नाक गेलं. मग शेड राहते का जाते, बाई राहतात का जातात, ह्या धाकधुकीत आम्ही दिवस काढले. त्याबद्दल लिहायला मीच पाहिजे, शेवटी दुसरं कुणी तिथं उरलं नव्हतं.

मी सोलापूरचा, रंगाऱ्याच्या घरचा. शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे मी सोडली, मास्तरांनी हाकललं ही अफवा आहे. मेव्हणा फोर्ट विल्यममध्ये हवालदार होता, त्याच्या मागं कलकत्त्याला आलो आणि काम शोधत शोधत बाईंच्या फाटकाशी पोचलो. त्यांनी मला हुंगलं. मग समोर दोन वाट्या ठेवल्या. दोन्हीत एरंडेल.

“ह्यातलं चांगलं कुठलं, सांगा.”

मी दोन्ही वाट्या नाकाशी धरल्या. लहानपणी आमची आजी दर महिन्याला नाक दाबून एरंडेल पाजायची, ते सगळं घशाशी आलं. मी वाट्या लांब सरकवल्या. “बाई, दोन्ही नकोत.”

बाई इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, “इथं जो येतो तो माझं तोंड बघून एक वाटी उचलतो. उद्यापासून या.” नाव विचारलं नाही. सोलापूरचा रंगारी म्हटल्यावर त्यांनी मला ‘रंगारी’च केलं, ते शेवटपर्यंत.

टर्की रेड ऑइल म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं ते तुर्कस्तानातून येतं आणि लाल असतं. दोन्ही खोटं. लाल रंग द्यायच्या आधी कापड त्यात भिजवायचे, म्हणून ते नाव पडलं. आहे ते आपलं एरंडेलच. त्यात गंधकाचं ॲसिड बारीक धारेनं सोडायचं, ढवळत राहायचं, तापू द्यायचं नाही. मग रात्रभर मुरू द्यायचं, मिठाच्या पाण्यानं धुवायचं, खालचं पाणी सोडून द्यायचं आणि उरलेला आंबटपणा कॉस्टिकनं मारायचा. एवढं झालं की जे तेल जन्मात पाण्यात मिसळलं नसतं ते पाण्यात उतरतं. पेल्यात थेंब टाकला की पसरतो, विरतो, वर तवंग राहत नाही. मी हे हजारदा बघितलं असेल, तरी बघायला आवडायचं.

आणि त्याला कामं किती. रंगाच्या टाकीत घातलं की सूत पटकन भिजतं, रंग सारखा बसतो, ढग येत नाहीत. कमावलेल्या कातड्याला दिलं की आत शिरून बसतं आणि वाळल्यावर कातडं पापडासारखं होत नाही. लेथवाले पाण्यात कालवून चालत्या कामावर सोडतात, म्हणजे हत्यार तापत नाही. फवारणीच्या औषधात जातं. पार्लरमधल्या अंघोळीच्या तेलातसुद्धा जातं. बाई म्हणायच्या, “दोघांचं पटत नसेल तर मधे एक जण असा लागतो, ज्याचं दोघांशी पटतं. आपलं तेल ते करतं.” हे त्यांनी एकदा आमच्या घरी, माझं आणि बायकोचं भांडण चालू असताना सांगितलं. बायको म्हणाली, मग ह्यांनाच थोडं पाजा.

बाई तेलाशी बोलायच्या. तेलाला ‘तुम्ही’ आणि ॲसिडला ‘अरे’. “या, सावकाश या,” हे तेलाला. “अरे, हळू, कुठं गाडी पकडायचीय?” हे ॲसिडला. थर्मामीटर अंबाड्यात खोचलेलं असायचं, फुलासारखं. बाजारात गेल्या तरी तसंच. ट्राममध्ये एका बाईनं विचारलं होतं, दीदी, बरं नाही का? मला त्यांनी कधी ‘अरे’ केलं नाही. राग आला की बंगालीत जायच्या. मराठीत रागावलं की घर आठवतं म्हणायच्या.

आता बर्फाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या बर्फावर आहे. ॲसिड सोडताना तेल तापतं, म्हणून पिंपाला बाहेरून बर्फ लावायचा. मशीन परवडणारं नव्हतं. बर्फ आणायचा मासळी बाजारातून, सकाळी इलिश, कातला विकून उरलेला. स्वस्त, आणि पाहिजे तेवढा. त्यामुळं आमच्या शेडला कायम माशाचा वास. नवा माणूस आला की त्याला वाटायचं, इथं मासे कमावतात. बाईंना त्याचं काही नव्हतं. म्हणायच्या, “हा बाहेरचा वास. त्याला बाजूला बसवायचं आणि आतलं ऐकायचं.” आणि खरंच, त्या बर्फाच्या घमघमाटात वाटीवर वाकून सांगायच्या, एरंडी मागच्या साली निघालेली आहे, पोतं ओलं होतं. आंबटपणा बघायची कागदाची पट्टी, पेल्यातलं पाणी, सगळ्या तपासण्या त्या करायच्या, आळस नव्हता. पण शेवटी नाक. कागद आजचं सांगतो, नाक सहा महिन्यांनंतरचं सांगतं, असं त्यांचं म्हणणं. तेल कातड्यात शिरलं की मग त्याचा वास बाहेर काढता येत नाही, आणि वाईट वासाचा हातमोजा कुणी दुसऱ्यांदा घालत नाही. म्हणून नियम होता, बाईंनी हुंगल्याशिवाय एक ड्रम फाटकाबाहेर जायचा नाही. एकदा त्यांना सर्दी झाली तर आठवडाभर माल अडकून पडला. गिऱ्हाईक बोंबलत होतं. बाई वाफारे घेत बसल्या.

मला बिडीची सवय. बाईंना ती शेडच्या आसपास चालायची नाही. मी कालव्याच्या पलीकडं जाऊन ओढायचो, तिथूनसुद्धा वारा फिरला की आतून आवाज यायचा, “रंगारी, विझवा.”

करोनात बाई आजारी पडल्या. फार नाही, घरीच बऱ्या झाल्या. शेड पुन्हा उघडली तेव्हा जरा वाळलेल्या दिसत होत्या, बाकी तशाच. थर्मामीटर अंबाड्यात. वाटीवर वाकल्या, मान हलवली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, फक्त पहिला ड्रम अजून बाहेर जायचा होता. एके दिवशी दुपारी मी फाटकाच्या आतच, पिंपांच्या मागं बिडी पेटवली. मुद्दाम नव्हे, पाय दुखत होते, कालव्यापर्यंत जायचा कंटाळा आला. बाई माझ्यापासून आठ-दहा पावलांवर खुर्चीत बसल्या होत्या. वारा त्यांच्याकडं. आता ओरडतील, आता ओरडतील, असं करत मी अख्खी बिडी ओढली.

त्या काही बोलल्या नाहीत. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण वाटलं नाही.

मी जवळ गेलो. “बाई, मी इथं बिडी ओढली.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “कळायला हवं होतं ना मला.” आणि म्हणाल्या, “दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं परवा. धूर दिसला तेव्हा उठले.”

त्या दिवसापासून मी बिडी ओढली नाही. कुणी सांगितलं नव्हतं. मजा राहिली नाही.

नियम नियमच होता. हुंगता येत नाही म्हटल्यावर माल थांबला. बाई रोज यायच्या, कुलूप उघडायच्या, लवंग, कापूर, लिंबाची साल नाकाशी धरून बसायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी विचारायचो, काय? त्या मान हलवायच्या. एकदा मीच म्हटलं, “माझं नाक आहे की. मी हुंगतो, तुम्ही सांगा.”

“तुमच्या नाकात चाळीस वर्षांचा धूर आहे.”

“धूर बाहेर गेला. आता रिकामं आहे.”

तशी आमची शाळा सुरू झाली. ह्या वयात. बाई वाटी पुढं करायच्या, मी हुंगायचो. मला वास यायचा हो, पण सांगता यायचा नाही. मी म्हणायचो, चांगला आहे. त्या म्हणायच्या, “चांगला हा वास नसतो. कशासारखा, ते बोला.” मग मी बोलायला लागलो. ओल्या पोत्यासारखा. उन्हात टाकलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीसारखा. बंद पडलेल्या गिरणीच्या खोलीसारखा. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि त्यांच्या नाकपुड्या हलायच्या, जणू मी सांगतोय ते त्यांना येतंय. मग म्हणायच्या, “पेंड चालेल. गिरणी नाही चालणार, परत पाठवा.” भांडणंही झाली. एकदा मी म्हटलं तांब्याच्या भांड्यासारखा, त्या म्हणाल्या तांब्याला वास नसतो. मी घरून तांब्या आणला. त्यांनी तो सवयीनं हुंगला, आणि मग हळूच माझ्या हातात परत दिला.

माल मात्र त्यांनी सोडला नाही. म्हणायच्या, “शिकताय अजून. आणि तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगाल, ही एक भीती आहे.”

त्या हिवाळ्यात पुण्याहून बाईंची भाची आली, मावशीला न्यायला. चांगली मुलगी. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण आल्या आल्या माझ्या पाया पडली. तिचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं.

“मावशी, तू एकटी राहतेस. उद्या गॅस गळला तर तुला कळणार नाही.”

“रंगारी आहेत.”

“ते तिलजल्याला, तू भवानीपूरला. त्यांना तिथून वास येणारे का?”

बाईंना हसू आलं, पण आवरलं. त्या म्हणाल्या, “हातमोज्याचं कातडं कमावणाऱ्या आपल्या चाचांची मागणी आहे. एक घाणा घालते. चांगला निघाला तर तू एकटी परत जा. बिघडला तर मी तुझ्याबरोबर येते.”

“नक्की? मग फिरवायचं नाही.”

“मी शब्द फिरवलेला तुझ्या आईनं कधी सांगितलाय?”

नाही सांगितलेला. मला ते माहीत होतं, म्हणूनच मला ही पैज नको होती. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी उठून जायला मला ती एकच जागा होती.

घाणा घातला. एरंडेलाचा नवा ड्रम आला होता, मासळी बाजारातून बर्फ आणला. बाईंनी ॲसिडला नेहमीसारखं दटावलं. भाची स्टुलावर बसून बघत होती, मधेच म्हणाली, मावशी, तू हिच्याशी, म्हणजे ह्याच्याशी बोलतेस? बाई म्हणाल्या, “तू कॉम्प्युटरशी बोलत नाहीस का?” तेल मुरलं, धुतलं, कॉस्टिक देऊन झालं. मधासारखं दिसत होतं. पेल्यात थेंब टाकला, कसा सुरेख उतरला. पट्टीचा रंग बरोबर. भाचीनं फोनवर फोटो काढला. म्हणाली, हरले वाटतं मी.

बाई सवयीनं वाटीवर वाकल्या, मग लक्षात आलं तशी वाटी माझ्यापुढं सरकवली.

“काय येतंय?”

“एरंडेल. ताजं आहे.”

“आणखी?”

“मासा.”

भाची हसली. “अहो काका, इथं मासा कुठं नाही?”

बाई हसल्या नाहीत. “बर्फाचा की तेलाचा?”

मी पुन्हा हुंगलं. तिथं उभं राहून सांगता येईना. बर्फ वितळून पाणी सगळीकडं पसरलं होतं. मी वाटी घेऊन फाटकाबाहेर पडलो, शेजारच्या गॅरेजच्या पुढं, पार कालव्याच्या पुलापर्यंत गेलो. तिथं वाऱ्याला पाठ करून उभा राहिलो. तेल तळहातावर घेतलं, चोळून गरम केलं, थांबलो, मग हुंगलं.

येत होता. बर्फाचा मासा ओला असतो, कच्चा, हात धुतला की जातो. हा तसा नव्हता. हा जुना होता, तेलाच्या आत बसलेला. ड्रम रिकामे विकणारे लोक कुठलाही ड्रम कशालाही देतात. त्यात आधी कातडं कमावणाऱ्या टॅनरीला जाणारं माशाचं तेल असणार, नीट धुतला नसणार.

‘बर्फाचा’ एवढं म्हणायचं होतं. कुणी मला खोटं पाडू शकत नव्हतं. पेला बरोबर होता, पट्टी बरोबर होती, आणि एकच माणूस मला पकडू शकला असता, त्याचं नाक गेलं होतं. मी पुलावर उभा राहिलो, रिक्षावाले घंटी वाजवून जात होते. मी फार विचार केला असं नाही. पण हात पुन्हा एकदा हुंगला, कदाचित गेला असेल म्हणून. गेला नव्हता.

परत येऊन म्हटलं, “तेलाचा आहे, बाई.”

“कशासारखा?”

“पावसात भिजलेलं कुत्रं उन्हाला येऊन बसलं की येतो तसा.”

बाईंनी डोळे मिटले. “हो,” म्हणाल्या. “माशाचंच तेल. चाचांचं पांढरं कातडं महिन्याभरात पिवळं पडलं असतं, वासाचं वेगळंच.” मग भाचीकडं वळून शांतपणे म्हणाल्या, “तिकीट बघ.”

भाचीच बिचारी गडबडली. “मावशी, पण ही तुझी चूक नाही ना. ड्रमवाल्याची आहे. हे नाही धरायचं.”

“शब्द घाण्याचा होता, चुकीचा नव्हता.”

तो घाणा लेथवाल्याला दिला, लोखंडाला वासाचं काही नसतं. मी दोन दिवस बाईंशी बोललो नाही. काम करत होतो, पण तोंड बंद. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, “रंगारी, रागावलात?”

“तुमच्यावर कशाला रागावू. माझ्या नाकावर रागावलोय.”

“त्याच्यावर नका रागावू. मोठ्या मुश्किलीनं तयार केलंय मी ते.” आणि चहा संपवून म्हणाल्या, “चाचांना माल द्यायचा राहिलाय. दिल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही.”

भाचीनं तिकीट पुढं ढकललं. ड्रम आम्ही समोर उभं राहून धुऊन घेतला. पुन्हा बर्फ, पुन्हा ॲसिडला दटावणं. ह्या घाण्याला पैज नव्हती. तरी बाई पहिल्या घाण्यापेक्षा जास्त वेळ उभ्या होत्या, भाची दोनदा खुर्ची घेऊन आली.

माल न्यायला चाचा स्वतः आले. त्यांना बाईंच्या आजाराचं कळलं होतं. दारात घुटमळले. म्हणाले, “दीदी, आपकी नाक तो सुना है...”

“गयी,” बाई म्हणाल्या. “बैठिए.”

वाटी माझ्यापुढं आली. मी सांगायची वाट न बघता पुलावर गेलो, तळहात चोळला, हुंगलं, थांबलो, परत हुंगलं. येऊन उभा राहिलो.

“कशासारखा?” बाईंनी विचारलं.

मी शोधलं. पोतं, पेंड, गिरणी, तांब्या, कुत्रं, सगळं आठवून बघितलं. काही लागू पडेना.

“कशासारखाच नाही, बाई. तेलासारखा आहे.”

बाईंनी मान हलवली. “मग भरा.”

ड्रम भरून झाकण बसवलं. प्रत्येक ड्रमवर बाई खडूनं आपलं एक अक्षर काढायच्या, तेवढं एकच. ते असलं की टॅनरीत कुणी झाकण उघडून बघायचं नाही. त्या दिवशी खडू हातात घेऊन त्या ड्रमपर्यंत गेल्या, वाकल्या, तशाच सरळ झाल्या आणि खडू माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, हे बरोबर नाही, माल तुमचा. त्या बंगालीत काहीतरी बोलल्या, म्हणजे रागावल्या. मी खडू घेतला आणि बाईंचं अक्षर काढलं.

माझं अक्षर चौथीतलं. त्यात ड्रम गोल. ते अर्ध्या ड्रमभर झालं. चाचा जवळ येऊन बघायला लागले. म्हणाले, “अरे भाई, इतना बड़ा?”

“रहने दो,” बाई म्हणाल्या, “दूर से दिखना चाहिए.”